हिरडीच्या पाण्याचं सॅम्पल

रक्त, लघवी, थुंकी ही सॅम्पलं आपण सगळेच कधी ना कधी देतो, पण हिरडीतून झिरपणाऱ्या पाण्याचं सॅम्पल दिलेलं माणूस मला तरी अजून भेटलेलं नाही, म्हणून म्हटलं सगळं एकदा लिहूनच काढू. मी रबाळे एमआयडीसीत एका औषध कंपनीच्या क्यूसीमध्ये, म्हणजे मालाची तपासणी करणाऱ्या विभागात आहे, निम्मं आयुष्य एचपीएलसी (औषधातले घटक वेगळे करून मोजणारं मशीन), स्टँडर्ड (माहीत असलेल्या मापाचं सॅम्पल), ब्लँक (कोरं सॅम्पल) आणि ऑडिटरची बोलणी ह्यातच गेलंय, त्यामुळे ह्यात दातदुखी कमी आणि मोजमापाची कटकट जास्त येणार, आधीच सांगून ठेवते.

दुखणं तसं साधंच. ब्रश करताना रक्त येणं धाकट्याच्या बाळंतपणापासूनच चालू होतं आणि ते इतकं अंगवळणी पडलं होतं की त्याचं कोणाला सांगावं असंही कधी वाटलं नाही. दुखत तर काहीच नव्हतं. हिरडीच्या आजाराची हीच लबाडी आहे, दाढ किडली की माणूस रात्री दोनला उठून लवंग शोधतो, हिरडी मात्र वर्षानुवर्षं गपचूप काम करत राहते. मग वरच्या उजव्या दाढांमध्ये मेथीचे देठ, मटणाचे धागे अडकायला लागले, खालच्या पुढच्या दातांत फट दिसायला लागली, आणि कळव्याच्या आमच्या नेहमीच्या डेंटिस्टनी पूर्ण तोंडाचा एक्स-रे काढायला लावून सांगितलं, मॅडम, हाड खाली गेलंय, म्हणजे दातांना धरून ठेवणारं जबड्याचं हाड झिजलंय. पुढे जे एस्टिमेट आलं ते बघून आमचे हे म्हणाले, एवढ्यात हॉलची फरशी नवीन होईल.

ऑफिसातल्या एकीने डेंटल कॉलेजचं सुचवलं. नवी मुंबईत डेंटल कॉलेजं भरपूर आहेत, नेरूळ, बेलापूर, खारघर, कामोठे, आणि ठाण्याहून ट्रान्स-हार्बर पकडली की मला तर नेहमीचाच रस्ता, रबाळेला उतरायच्या ऐवजी पुढे बसून राहायचं एवढंच. पैसे खूप कमी लागतात, वेळ मात्र खूप लागतो. केसपेपर, मग सगळे दात बघणारा विभाग, तिथून पेरिओ, म्हणजे हिरडीचा विभाग, तिथे इंटर्न बघणार, मग पीजी, म्हणजे पदव्युत्तर शिकणारे डॉक्टर बघणार, मग सर येऊन दोन मिनिटात दोघांचंही खोडून काढणार. ज्यांना हाफ डे मिळत नाही त्यांनी ह्या भानगडीत पडू नये.

पेरिओत माझ्या वाट्याला जी पीजी आली ती लातूरकडची, बोलायला एकदम मोकळी. पहिल्याच दिवशी मला काकू म्हणाली, मी डोळे वर केले तशी लगेच ताईवर आली. तिने प्रोब काढला, म्हणजे टोकाला मिलीमीटरच्या काळ्या रेघा असलेली बारीक सळई, आणि ती प्रत्येक दाताभोवती हिरडी आणि दाताच्या मधे अलगद घालून आकडे सांगत गेली, शेजारी एक इंटर्न लिहून घेत होता. एका दाताला सहा जागा, बाहेरून तीन, आतून तीन. अठ्ठावीस दातांचे १६८ आकडे. तीन, दोन, तीन, तीन, दोन, चार असं चाललं होतं तोवर मी निवांत, कारण तीनपर्यंत नॉर्मल असतं हे तिने आधीच सांगितलेलं, पण वरच्या उजव्या पहिल्या दाढेवर आली आणि सहा, चार, सात, ब्लीडिंग, फर्केशन आहे, असं म्हणाली तेव्हा मी तोंड उघडं ठेवूनच मनातल्या मनात वजाबाकी करायला लागले. फर्केशन म्हणजे दाढेची मुळं जिथे दोन-तीन फाट्यांत विभागतात तिथलं हाड गेलेलं असणं, तिथे एकदा घाण शिरली की ब्रश काय, कोणाचाच हात पोचत नाही.

नंतर तिने स्टेज तीन, ग्रेड बी असं लिहिलं. मला वाटलं कॅन्सरसारखं काही, पोटात गोळाच आला. तर तसं नाहीये. २०१७ च्या जागतिक वर्कशॉपनंतर हिरडीच्या आजाराचं हे वर्गीकरण आलं, २०१८ मध्ये छापून आलं, आणि आता सगळीकडे हेच वापरतात. स्टेज म्हणजे आतापर्यंत किती नुकसान झालंय, ग्रेड म्हणजे किती वेगाने होतंय. आणि हा वेग कसा काढतात माहितीये का, सगळ्यात खराब दाताचं हाड एक्स-रेवर किती टक्के गेलंय ते बघायचं आणि त्याला वयाने भागायचं. माझं ३५ टक्के, वय ४६, भागाकार ०.७६. पाव ते एकच्या मधे आलं की ग्रेड बी, एकच्या वर गेलं की सी, आणि शिवाय दिवसाला दहा किंवा जास्त सिगारेटी ओढत असाल किंवा डायबेटिस असून एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ७ किंवा वर असेल तर थेट सी.

इथे माझ्यातली क्यूसीवाली जागी झाली. मी तिला म्हटलं, अगं हा तर ॲव्हरेज झाला, ४६ वर्षांचा सरासरी वेग, आत्ता ह्या महिन्यात हाड जातंय का थांबलंय हे ह्यातून कसं कळणार. ती हसली आणि म्हणाली, ताई, नाहीच कळत, माझा थिसिस त्याच्यावरच आहे.

मग तिने जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगते. प्रोब आणि एक्स-रे दोन्ही इतिहास सांगतात. सात मिलीमीटरचा खिसा म्हणजे कधीतरी तिथलं हाड आणि त्याला दाताशी बांधणारे तंतू गेले, पण ते गेल्या पावसाळ्यात गेले का दहा वर्षांपूर्वी, सळईला काय माहीत. एक्स-रेचं तर अजून वाईट, साध्या एक्स-रेवर हाड कमी झालेलं नजरेला दिसायला तिथलं साधारण ३० ते ५० टक्के खनिज जावं लागतं. रक्त येतंय का ही खूण थोडी कामाची, पण उलट्या बाजूने जास्त कामाची, म्हणजे वारंवार तपासून रक्त येत नसेल तर ती जागा शांत आहे असं बऱ्यापैकी धरता येतं, येत असेल तर हाड जातच असेल असं नाही. आणि सिगारेट ओढणाऱ्यांत रक्त मुळातच कमी येतं, आत आग लागलेली असली तरी. मशेरी लावणाऱ्या आमच्या साताऱ्याच्या आत्याबाई हिरडीतून कधी रक्त आलं नाही म्हणून अभिमानाने सांगायच्या आणि साठीच्या आत कवळी आली, ते मला तिथे खुर्चीत आठवलं.

त्यात हा आजार सरळ रेषेत जात नाही. १९८४ साली सॉक्रान्स्की, हॅफजी आणि गुडसन ह्या बोस्टनच्या संशोधकांनी मांडलं की हाड रोज थोडं थोडं न जाता झटक्याझटक्याने जातं, एक जागा काही काळ पेटते, मग शांत होते, तेव्हा दुसरी पेटते. आणि माणसामाणसात फरक आहे तो वेगळाच. श्रीलंकेच्या चहामळ्यातल्या ४८० पुरुष कामगारांचा अभ्यास लोए नावाच्या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये छापला, वर्षानुवर्षं त्यांच्या मागे राहून केलेला. त्या लोकांकडे ब्रश-पेस्ट काही नव्हतं, सगळ्यांच्या दातांवर किटण सारखंच, तरी साधारण ८ टक्क्यांचं हाड भराभर गेलं, ८१ टक्क्यांचं मध्यम गतीने, आणि ११ टक्क्यांचं हिरडी सुजण्यापलीकडे काही गेलंच नाही. म्हणजे घाण सगळ्यांची तीच, हाडाचा हिशोब ज्याचा त्याचा.

ह्याचं कारण मला सगळ्यात नवीन होतं, कारण मी समजत होते की बॅक्टेरिया हाड खातात. बॅक्टेरिया हाड खात नाहीत. ते हिरडीशी भांडण उकरून काढतात, आणि त्या भांडणात आपल्याच अंगातल्या पेशी आपलं हाड विरघळवतात. ऑस्टिओक्लास्ट म्हणून पेशी असतात, त्या हाडाला चिकटून आम्ल सोडतात, खनिज विरघळतं, मग उरलेला कोलॅजनचा सांगाडा एन्झाइम कापून काढतात. ह्या ऑस्टिओक्लास्टना तयार व्हा असा हुकूम देणारं प्रोटीन म्हणजे रँकल. आणि तो हुकूम मधल्या मधे पकडून ठेवणारं दुसरं प्रोटीन, ऑस्टिओप्रोटेजेरिन. सुजलेल्या हिरडीत रँकल वाढतं, ते पकडणारं त्यामानाने कमी पडतं, पारडं फिरलं की हाड जायला लागतं.

रँकल हे नाव ऐकलं आणि मी उडालेच, कारण हे नाव मी घरी वाचलेलं होतं. सासूबाईंना मणक्याच्या ऑस्टिओपोरोसिससाठी दर सहा महिन्यांनी पोटाच्या कातडीखाली एक इंजेक्शन देतात, डेनोसुमॅब, ते ह्याच रँकलला पकडतं, त्याच्या डब्यातली चिठ्ठी मी वाचली होती, मला औषधांच्या चिठ्ठ्या वाचायची खोडच आहे. मी हे बोलले तशी ती पीजी एकदम सिरियस झाली. म्हणाली, त्यांचा दात काढायची वेळ आली तर डेंटिस्टला हे इंजेक्शन आधी सांगा, हाडाच्या अशा औषधांवर असताना दात काढला तर जबड्याचं हाड उघडं पडून न भरण्याचा धोका असतो, थोडा असला तरी असतो, आणि आपल्या मनाने इंजेक्शन पुढेही ढकलू नका, डेनोसुमॅब मधेच सोडलं तर हाडं उलट वेगाने ठिसूळ होऊन मणके मोडू शकतात, दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलू द्या. घरी येऊन मी पहिलं काम केलं ते सासूबाईंच्या फाइलवर लाल पेनाने हे लिहून ठेवलं. त्यांचं म्हणणं होतं की मीच त्यांच्यासारख्या कॅल्शियमच्या गोळ्या खाल्ल्या असत्या तर ही वेळ आली नसती. अहो आई, हे कॅल्शियम कमी पडल्याने होत नाही, ही त्या एका दाताभोवतीची सूज आहे, असं समजावून बघितलं, पण गोळ्यांची बाटली माझ्या टेबलावर येऊन बसली ती बसलीच.

तर थिसिस असा. हाड मोडलं की त्याचे जे तुकडे सुटतात ते हिरडीच्या पाण्यात उतरतात, ते पाणी गोळा करायचं, त्यातले तुकडे मोजायचे, आणि खोल सफाईच्या आधी आणि नंतर ते किती होते ते बघायचं. तिने दोन मार्कर, म्हणजे हाड मोडल्याच्या मोजता येणाऱ्या खुणा, घेतले होते. एक आयसीटीपी, म्हणजे टाइप १ कोलॅजनच्या टोकाचा, जोडाच्या गाठीसकट सुटलेला तुकडा. हाडाच्या सेंद्रिय भागात साधारण ९० टक्के हेच कोलॅजन असतं. दुसरं ऑस्टिओकॅल्सिन, हाडात कोलॅजन सोडून जी प्रोटीनं असतात त्यातलं सगळ्यात जास्त असणारं. मी लगेच विचारलं की टाइप १ कोलॅजन तर हिरडीतही असणार, मग तुकडा हाडाचाच हे कशावरून. ती म्हणाली, तुकड्यातली ती गाठ त्वचेसारख्या मऊ कोलॅजनमध्ये नसल्यासारखीच असते, म्हणून बोट हाडाकडे दाखवता येतं, पण शंभर टक्के छातीठोक नाही. आणि ऑस्टिओकॅल्सिन तर दोन्ही दगडांवर पाय ठेवून असतं, हाड बांधणाऱ्या पेशीच ते बनवतात आणि हाड मोडलं तरी आत अडकलेलं बाहेर येतं, त्यामुळे आकडा वाढला तर बांधकाम चाललंय का पाडापाडी, हे एकट्या आकड्यावरून सांगता येत नाही. इतकं सरळ उत्तर मला आमच्या व्हेंडरांकडून कधी मिळत नाही, म्हणून मी सही केली. संमतीपत्र मराठीत होतं, एथिक्स कमिटीचा शिक्का, कधीही बाहेर पडता येईल, नाव कुठे येणार नाही, फक्त कोड, भाग घेतला नाही तरी ट्रीटमेंट तीच मिळेल, आणि ह्यातून तुम्हाला स्वतःला थेट फायदा नाही हेही स्पष्ट लिहिलेलं.

सॅम्पल त्याच दिवशी घेत नाहीत. प्रोबिंग झालं की रक्त येतं, आणि रक्त मिसळलं की सॅम्पल गेलं, म्हणून दुसऱ्या दिवशी परत जायचं. मे महिना, नेरूळच्या पुढे गेलं की खाडीची ती चिकट हवा, आणि खुर्चीत बसल्यावर बाईसाहेबांनी पहिलं काय केलं तर पंखा बंद. मी म्हटलं अगं मरते ना मी. तर म्हणे पट्टी वाळते ताई, आणि वाळली की व्हॉल्यूम चुकतो. मी पुढे एक शब्द बोलले नाही, हे कारण मला पटण्यासारखंच होतं.

आधी गालाच्या बाजूला कापसाच्या गुंडाळ्या ठेवल्या, थुंकी येऊ नये म्हणून. दातावर वरवरचं जे किटण होतं ते हिरडीला धक्का न लावता पुसून घेतलं. हवेचा अगदी हलका फवारा मारून दात कोरडा केला. मग चिमट्यात एक कागदाची पट्टी, नखाच्या कडेएवढी अरुंद, ती हिरडी आणि दाताच्या फटीत किंचित अडकेपर्यंत सरकवली आणि मोबाइलवर ३० सेकंद लावले. काही दुखत नाही, दातात कागद अडकल्यावर जितकं विचित्र वाटतं तितकंच. तीस सेकंदांनी पट्टी काढली, उजेडात धरली, आणि फेकून दिली, टोकाला गुलाबी झाक होती. मग जरा थांबून दुसरी. ती चालली. ती लगेच एका छोट्या मशीनच्या दोन जबड्यांमध्ये धरली, पेरिओट्रॉन म्हणतात त्याला, ओल्या कागदाने विजेच्या धारणशक्तीत जो फरक पडतो तो ते आकड्यात दाखवतं, आणि आधी ठरावीक मापाचे थेंब टाकून काढलेल्या कॅलिब्रेशनवरून त्या आकड्याचे मायक्रोलिटर होतात. निरोगी जागेत हे पाणी एक मायक्रोलिटरसुद्धा भरत नाही. आमच्या एचपीएलसीत मी एका इंजेक्शनला २० मायक्रोलिटर घालते आणि तरी पीक (आलेखातला उंचवटा) छोटा आला म्हणून कुरकुरते, आणि इथे ही पोरगी त्याच्या विसाव्या भागात हाडाचे तुकडे शोधतेय. पट्टी बफर, म्हणजे सॅम्पल नीट ठेवणारं द्रावण, घातलेल्या इवल्या ट्यूबमध्ये गेली, ट्यूबवर कोड, ट्यूब बर्फात, आणि तिथून उणे ८० च्या फ्रीजरला.

मग मी तिला ऑडिटरसारखं धरलं. तू रिपोर्ट कशात करणार, कॉन्सन्ट्रेशनमध्ये का एकूण किती आलं त्यात? कारण सुजलेल्या जागी पाणीच जास्त झिरपतं, तुकडे दुप्पट आले आणि पाणी तिप्पट आलं तर कॉन्सन्ट्रेशन उलट कमी दिसेल, आणि तू लिहिशील की आजार कमी आहे. ती म्हणाली, म्हणूनच आम्ही एका जागेतून ३० सेकंदांत एकूण किती आलं ते देतो. बरं, पट्टीतून बफरमध्ये सगळं सुटतं का, कोऱ्या पट्टीवर माहीत असलेलं स्टँडर्ड घालून रिकव्हरी, म्हणजे घातलेल्यातलं किती परत मिळतं ते, काढलीस का? ह्याच्यावर ती गप्प झाली आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं. पुढच्या वेळी भेटली तेव्हा म्हणाली सरांनी रिकव्हरी करायला सांगितलीये, कोणी सुचवलं विचारत होते.

खोल सफाई, म्हणजे स्केलिंग आणि रूट प्लेनिंग, ही तोंडाचे भाग पाडून वेगवेगळ्या दिवशी केली. ह्याबद्दल फार लिहीत नाही, भूल देतात, त्यामुळे दुखत नाही, पण मुळावरून क्युरेट, म्हणजे खरवडायचं हत्यार, फिरल्याचा आवाज कवटीत घुमतो तो मला आवडला नाही. ट्रेमधल्या गॉझवर काढलेले तुकडे दाखवले, हिरडीच्या वर जमतं ते पिवळसर टार्टर आणि खिशातून निघालं ते काळंहिरवं, दगडासारखं. नंतर थंड पाणी झोंबत होतं, आणि सूज उतरल्यावर दातांमधल्या फटी आणखी उघड्या दिसायला लागल्या. सफाई केल्याने दात ढिले होतात असं जे आपल्याकडे सर्रास म्हणतात ते ह्याच्यावरूनच आलंय, सूज आणि टार्टर मिळून फट बुजलेली असते, ती मोकळी झाली की माणसाला वाटतं डॉक्टरने दात हलवला. क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश दिला होता, त्याने चहाची चव गेली आणि दातांवर तपकिरी डाग आले, दोन्ही तात्पुरतं. खरा फरक पडला तो फटीत घालायच्या छोट्या ब्रशने, बाटली धुवायच्या ब्रशचं पिल्लू दिसतं ते, रोज रात्री.

तीन महिन्यांनी परत सगळं मोजलं. सातचे पाच झाले, सहाचे चार, बऱ्याच जागा तीनवर आल्या. रक्त येणं जवळपास थांबलं. परत पट्ट्या, पंखा परत बंद, पण ह्या वेळी एकही फेकावी लागली नाही.

मधे एकदा तिने मला प्लेटचा फोटो पाठवला, नावगाव काही नाही, नुसती प्लेट. एलायझा ज्यांनी केली नाही त्यांच्यासाठी, ९६ खळग्यांची प्लास्टिकची प्लेट असते, तळाला अँटिबॉडी चिकटवलेली, सॅम्पलमधला तुकडा तिला अडकतो, त्याच्यावर दुसरी अँटिबॉडी, तिच्यावर रंग आणणारं एन्झाइम, शेवटी निळा रंग चढतो, आम्ल घातलं की तो पिवळा होतो, आणि ४५० नॅनोमीटरवर मोजतात. पिवळा गडद तेवढा मार्कर जास्त. ह्या किटची किंमत ती म्हणाली अर्ध्या लाखाच्या आसपास, एका मार्करची एक, आणि पीजी लोकांना ते बहुतेक स्वतःच्या खिशातून घालावे लागतात. मग गणित बघा, ९६ मधले १६ खळगे ब्लँक आणि स्टँडर्डमध्ये जातात, सगळं दोनदा लावायचं म्हणून, उरले ८०, सॅम्पलही दोनदा लावायची तर झाली ४०, आणि प्रत्येक माणसाचं आधी आणि नंतर धरलं तर माणसं वीस. मी तिला विचारलं होतं की वीसच पेशंट का, तेव्हा तिने सॅम्पल साइझचं मोठं सूत्र सांगितलं होतं, मला वाटतं खरं सूत्र किटच्या खोक्यावर होतं. पण तिने डुप्लिकेट लावलं ह्याचं मला फार बरं वाटलं, पैसे वाचवायला एकेकदाच लावून चाळीस माणसं दाखवणं सोपं होतं.

माझा आकडा किती आला हे मला माहीत नाही आणि कळणारही नाही, कोड उघडत नाहीत. आधी मला त्याचा राग आला होता, सॅम्पल माझं, हाड माझं, आणि आकडा मलाच नाही. पण आकडा मिळाला असता तरी मी त्याचं काय केलं असतं? आमच्याकडे प्रत्येक टेस्टला लिमिट असते, ह्याच्या आत पास, बाहेर फेल. ह्या मार्करला तशी सगळ्यांनी मान्य केलेली रेघच अजून नाहीये. वीस जणांची सरासरी खाली आली हे सांगता येतं, पण एका बाईच्या एका दाढेच्या एका कोपऱ्यातला आकडा अमुक आला म्हणून उद्या तिथलं हाड जाणार, हे सांगायला तीच जागा पुन्हा पुन्हा मोजावी लागेल, आणि एका तोंडात अशा १६८ जागा. २०१८ च्या वर्गीकरणात ग्रेड ठरवताना पुढेमागे बायोमार्कर घेता येतील अशी जागा ठेवलेली आहे, पण रोजच्या ओपीडीत अजून सळई आणि एक्स-रेच. परदेशात एमएमपी-८ ची स्ट्रिप मिळते, तोंडात पाणी खळखळवून त्यात तपासायची, काही मिनिटांत रेघ येते किंवा येत नाही, पण ते मोजतं कोलॅजन कापणारं एन्झाइम, आणि तेही पूर्ण तोंडाचं मिळून, कुठल्या दाताला आग लागलीये ते सांगत नाही.

त्या वरच्या उजव्या दाढेचं मात्र पूर्ण जमलेलं नाही. खिसा पाचवर अडकलाय आणि फर्केशनपाशी प्रोब लावला की अजून रक्त येतं. सर म्हणाले तिथे फ्लॅप उघडून, म्हणजे हिरडी कापून बाजूला करून, आतून साफ करू, जमलं तर हाडाची पूड भरू, आणि ते करायच्या आधी त्याच जागेची अजून एक पट्टी देणार का असं पीजीने हळूच विचारलं, तिच्या ज्युनिअरचा थिसिस रँकलवर आहे म्हणे. मी हो म्हटलंय, पण रिकव्हरी आधी करून ठेव असं त्या ज्युनिअरला तिच्यासमोरच सांगितलं. फ्लॅपची तारीख दिवाळीनंतरची घेतलीये, कारण टाके असताना चकली-कडबोळी बंद असं डॉक्टरांनी बजावलं, आणि सासूबाईंचं म्हणणं की सून खाणार नसेल तर भाजणी दळायची कोणासाठी.